पारिजातकाची ट्रान्सफर

घर शिफ्ट करताना पॅकर्सवाले फ्रिज नेतात, टीव्ही नेतात. झाड कोण नेणार? गेल्या मे महिन्यात बाबा रिटायर झाले, चंद्रपूरचं क्वार्टर सोडायची वेळ आली आणि आईने एकच अट घातली, पारिजातक सोबत येईल.

'नर्सरीत नवीन रोप मिळते नं,' बाबा म्हणाले. लॉजिक एकदम करेक्ट! पण ते झाड आजीने लावलेलं, आणि आजी आता नाही. विषय संपला.

प्रॉब्लेम एकच, चंद्रपूरचा मे. पारा ४५ च्या वर. अशात झाड हलवणं म्हणजे त्याला मारणंच. शेवटी आलापल्लीच्या काकांना फोन केला. आयुष्य जंगलखात्यात गेलेलं. म्हणाले, 'पोरी, सागाचा स्टम्प पाहिला का? वीतभर मूळ अन् वर खोड जेमतेम पेरभर. पानं नाही, फांद्या नाही. मुळं तुटली की पाणी कमी मिळते. म्हणून खर्च आधीच कमी करायचा.' बघा, पगार कमी झाल्यावर आपण तरी वेगळं काय करतो?

मग प्लॅन ठरला. नव्या अंगणात दोन फुटांचा खड्डा मे महिन्यातच खणून तापू दिला. काळ्या मातीत पाणी साचतं आणि ते पारिजातकाला चालत नाही, म्हणून मुरूम आणि शेणखत मिसळलं. क्वार्टरमध्ये आलेल्या नव्या कुटुंबाने झाड जुलैपर्यंत राहू दिलं. जमीन चांगली भिजल्यावर, ढगाळ दिवस बघून, फांद्या निम्म्या छाटल्या. मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता ओल्या गोणपाटात बांधला आणि संध्याकाळी, आधी होतं तेवढ्याच खोलीवर लावलं. वर काठीचा आधार. बॅकअप म्हणून पेन्सिलीएवढ्या काड्या पिशव्यांत खोचल्या.

आठ दिवसांत उरलीसुरली पानंही गळाली. पुण्यात मीटिंगमध्ये मला आईचे फोन. मी म्हटलं, 'नखाने साल खरवडून बघ.' आत हिरवं होतं! ऑगस्टमध्ये कोंब फुटले.

त्या वर्षी फूल मात्र एकही आलं नाही. आईची काही तक्रार नव्हती. म्हणाली, 'नव्या घरी मला तरी कुठे लगेच करमलं?'