‘इथे क्लिक करा’ म्हणजे कुठे?

संगणक शिकवताना आपण सगळ्यात आधी मुलाच्या हातात माउस देतो. हा बाण हलव, त्या चित्रावर ने, क्लिक कर. एमएस-सीआयटीच्या वर्गापासून शाळेच्या संगणक कक्षापर्यंत हीच रीत. त्यामुळे माउस बिघडला की संगणकच अडला, असे आपण धरून चालतो. वास्तविक कळफलक माउसच्या कितीतरी आधीचा. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस लोकांसमोर चालवून दाखवला. तो घरोघरी पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. डोळसांसाठी माउस ही मोठी सोय आहे. पण ज्याला पडद्यावरचा बाणच दिसत नाही, त्याने माउस हातात घेऊन काय करायचे?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो मामूंमुळे. मामू वाणगावात राहतात, निवृत्त शिक्षक आहेत. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू जवळजवळ पूर्ण गेली. पण वाचन सुटले नाही. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाची प्रणाली आहे. पडद्यावर जे लिहिलेले असते ते ती वाचून दाखवते. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये ती बनवायला घेतली, आणि जेम्स टे हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. ती फुकट मिळते आणि तिच्यासोबत येणाऱ्या आवाजांत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. आवाज यांत्रिक आहे, उच्चारही कधी कधी हसू आणणारे. पण मामू त्यावर बातम्या ऐकतात, दोन्ही भाषांत पत्रे लिहितात.

अडत होते ते फक्त एका जागी. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण इंटरनेट नाही. मग मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडायचा. मोबाईल बोलतो, त्यामुळे तिथवर मामू स्वतः जात. लॅपटॉपच्या जोडणीसाठी मात्र नातू संध्याकाळच्या लोकलने घरी येईपर्यंत थांबायचे. एकदा त्याने फोनवरून सांगायचा प्रयत्न केला, “दादा, खाली उजव्या कोपऱ्यात बघा, तिथे छोटं चिन्ह आहे.” मामू म्हणाले, “बेटा, बघता आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?”

घरात सगळे हसले. मी भाषा शिकवते, म्हणून मला त्या वाक्यातले शब्द दिसले. इथे, तिथे, हे, ते, वर, कोपऱ्यात. ही सगळी बोट दाखवणारी भाषा. बोट दिसत नसेल तर तिच्यात अर्थच उरत नाही. मामूंना हवा होता तो रस्ता, ज्याच्या प्रत्येक वळणाला नाव आहे. आणि कळफलकावर प्रत्येक कळीला नाव असतेच.

एका रविवारी आम्ही दोघे बसलो आणि तो रस्ता शोधून काढला. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. विंडोजची कळ दाबून ठेवून ‘ए’ दाबले की झटपट सेटिंगची चौकट उघडते आणि आवाज सांगतो, “वाय-फाय”. इथे स्पेस दाबली तर वाय-फाय चालू किंवा बंद होते. जोडणी बदलायची असेल तर स्पेस नाही, उजवा बाण दाबायचा. मग वाय-फायच्या जोडण्या हाताळायचे बटण येते. एंटर. आता आसपासच्या जोडण्यांची यादी उघडते. खालचा बाण दाबत गेले की एकेक नाव ऐकू येते. आपले नाव आले की एंटर, टॅबने ‘कनेक्ट’पर्यंत जायचे, पुन्हा एंटर. पासवर्ड एकदाच द्यायचा. वाटेत ‘आपोआप जोडा’ असा चौकोन येतो, तिथे स्पेसने खूण केली की पुढच्या वेळी तोही त्रास नाही. काही बिनसले तर एस्केप दाबून मागे यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

जुन्या विंडोज १० वर वाट थोडी वेगळी आहे. विंडोज आणि ‘बी’ दाबले की पडद्याच्या तळाशी असलेल्या चिन्हांच्या रांगेत जाता येते. बाणाने वाय-फायच्या चिन्हापर्यंत पोहोचायचे आणि एंटर. एनव्हीडीए नसेल तरी विंडोजमध्ये नॅरेटर असतोच. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की तो बोलू लागतो. ज्यांना दिसते पण ज्यांचा हात थरथरतो किंवा मनगट दुखते, त्यांनाही हीच वाट उपयोगी पडते.

दोन खाचखळगे मात्र कुठल्या माहितीपत्रकात सापडले नाहीत. पहिला आपल्यासारख्या दोन-तीन लिप्यांत लिहिणाऱ्यांचा. मामू उर्दूत पत्र लिहीत असताना वीज गेली, की कळफलक उर्दूतच राहतो. मग इंग्रजी पासवर्डची अक्षरे उर्दूत उमटतात. डोळस माणसालाही कळत नाही, कारण पडद्यावर फक्त ठिपके दिसतात. मामूंना तर प्रत्येक अक्षराला “स्टार, स्टार” एवढेच ऐकू येते. पासवर्ड चूक असल्याचा निरोप येतो आणि माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेऊ लागतो. उपाय सोपा आहे. पासवर्डच्या आधी विंडोज आणि स्पेस दाबायचे, आणि आवाजाने ‘इंग्लिश’ म्हटल्यावरच लिहायला लागायचे.

दुसरा खळगा विमानाचे चित्र असलेल्या कळीचा. बऱ्याच लॅपटॉपवर ती वरच्या रांगेत असते. चाचपडताना बोट पडले की वाय-फायच बंद होते आणि यादी रिकामी येते. मामूंनी त्या कळीवर कापसाचा छोटा तुकडा चिकटवून घेतला आहे. बोटाला कापूस लागला की हात मागे.

पाठ व्हायला त्यांना दोन दिवस लागले. ‘विंडोज-ए, उजवा, एंटर, खाली, एंटर’ हे ते पाढ्यासारखे म्हणत. लहानपणी मदरशात सबक असाच कानाने घेतला होता, असे त्यांचे म्हणणे. एनव्हीडीएचा आवाज चुकला तर आता ते त्यालाच टोकतात.

पण सगळ्या वाटा अशा उघड्या नाहीत. सार्वजनिक ठिकाणच्या वाय-फायमध्ये शिरताना कधी कधी वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगतात, कधी चित्रांतले सिग्नल निवडायला. तिथे कळफलक असून उपयोग नाही, आणि दिसत नसलेला माणूस दारातच थांबतो. हे न घडावे म्हणून जगभर मान्य झालेला नियम आहे. संकेतस्थळांच्या सुलभतेची जी मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये आली, त्यांत प्रत्येक काम कळफलकाने करता आले पाहिजे ही अट पहिल्याच, म्हणजे किमान पातळीवर घातली आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या आणि दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. बँक, शिष्यवृत्ती, रेशन, पेन्शन सगळे इंटरनेटवर गेले आहे, तेव्हा जोडणी हेच पहिले दार. ते दुसऱ्याने उघडून द्यावे लागत असेल, तर आतल्या सोयी कितीही चांगल्या असल्या तरी माणूस परावलंबीच राहतो.

कायदा वरून येईल, पण भाषा आपल्या हातात आहे. सातवीच्या वर्गात दर्शक शब्द शिकवताना मी मुलांना आता एक काम देते. संगणक वाय-फायला कसा जोडायचा ते लिहा, पण ‘इथे’, ‘तिथे’, ‘हे’, ‘ते’ यांतला एकही शब्द वापरायचा नाही. मग जोडीदाराने डोळ्यांना ओढणी किंवा रुमाल बांधून, तुमचे लिखाण ऐकत जोडणी करून दाखवायची. पहिल्या खेपेला वर्गात बहुतेक जण अडकतात. मुलगा कागदावरून वाचता वाचता बोट पुढे करतो, मग त्याच्या लक्षात येते आणि बोट मागे घेतो. दुसऱ्या खेपेला वाक्ये सरळ होतात. कळीचे नाव आधी येते, मग आवाज काय म्हणेल ते, मग पुढची कळ. व्याकरणाचा हा तास त्यांना इतर तासांपेक्षा जास्त आवडतो. आणि घरी गेल्यावर आजी-आजोबांना मोबाईल समजावताना आमची भांडणे कमी होतात, असे काही पालकांनीच मला सांगितले.