मुक्या मारानंतरची नजर

नेत्रतपासणीच्या तक्त्यावरून मिळणारा 6/6 हा शेरा केवळ दूरच्या स्थिर अक्षराच्या स्पष्टतेविषयी असतो. ओळीमागून ओळ वाचण्याची किंवा वहीवरून फळ्याकडे नजर नेण्याची क्षमता त्यात मोजली जात नाही. डोक्याला मार लागल्यानंतर बिघाड होतो तो पुष्कळदा नेमका येथेच. प्रत्येक डोळा सहा स्नायूंच्या साहाय्याने फिरतो आणि या स्नायूंना मेंदूची आज्ञा तिसरी, चौथी व सहावी या कर्पर चेता, म्हणजे मेंदूपासून थेट निघणाऱ्या नसा, पोहोचवतात. यांपैकी चौथी अतिशय बारीक असून मेंदूच्या खोडाच्या मागील बाजूने निघते व वळसा घालून पुढे येते, त्यामुळे मुक्या मारानेही ती दुखावते. मग एकाच वस्तूच्या वर-खाली अशा दोन प्रतिमा दिसतात, जिना उतरताना आणि वाचताना हा त्रास वाढतो आणि रुग्ण नकळत मान एका बाजूला कलती ठेवू लागतो. नसा शाबूत असल्या तरी अभिसरण, म्हणजे जवळचे पाहताना दोन्ही डोळे एकदम आत वळवण्याची क्रिया, दुबळे होऊ शकते. तेव्हा काही ओळींतच अक्षरे धूसर होतात, सरकतात, कपाळ ठणकू लागते, आणि सीटी स्कॅनमध्ये मात्र काहीच आढळत नाही.

राष्ट्रीय महामार्ग 361 ने जोडलेल्या नांदेड व लातूर या शहरांत या बिघाडाची झळ विशेष आहे, कारण ‘लातूर पॅटर्न’ या कसून अभ्यास करून घेण्याच्या पद्धतीने घडवलेल्या आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी खेड्यापाड्यांतून मुले येत राहिलेल्या या शहरांचा सारा व्यवहारच तासन्‌तास वाचण्यावर उभा आहे. दुचाकीवरून पडलेला विद्यार्थी महिन्याभराने पुस्तक मिटून बसू लागला, तर त्याचे अभ्यासात लक्ष नाही असा निष्कर्ष घरात आणि शिकवणीत सहज निघतो. हा अन्याय मूळ दुखापतीहून कमी क्लेशकारक नाही. कायद्याचा आधारही येथे अपुरा पडतो, कारण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील अल्पदृष्टीची व्याख्या दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र एवढ्यांवरच बेतलेली आहे.

वस्तुतः पहिली चाचणी पेन्सिलीनेही होते: तिचे टोक हळूहळू नाकाकडे आणताना ते सुमारे दहा सेंटिमीटरच्या अलीकडे येण्यापूर्वीच दोन दिसू लागले, तर नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांच्या हालचालींची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. अभिसरणासाठी व्यायाम, दुहेरी दिसण्यासाठी एका डोळ्यावर पट्टी किंवा प्रिझमचा चष्मा असे उपाय आहेत. दुखावलेली नस पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप सावरते, म्हणून शस्त्रक्रियेची घाई सहसा केली जात नाही, आणि तोवर वाचन थोड्या थोड्या वेळाचे, ठळक अक्षरांचे ठेवावे लागते.