काळ्या पडद्यावरचा मराठी मेनू

परवा रात्री दीड वाजता, अमरावतीच्या घरात, मी आनंदाने खुर्चीतून उठून उभाच राहिलो. दोन जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. घरात सगळ्यांनी कधीच भंगारात काढलेला. तो माझ्यासमोर चक्क पळत होता!

त्यावर डेबियन १३ हे लिनक्स टाकलं होतं, पण डेस्कटॉपशिवाय. अ‍ॅप्टने (प्रोग्रॅम उतरवायच्या आज्ञेने) लॅबडब्ल्यूसी हा वेलँडवर चालणारा, खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम घेतला, सोबत फूट हे टर्मिनल. 'लॅबडब्ल्यूसी' टाइप करून एंटर दाबलं, तर पडदा रिकामा आणि त्यावर नुसता माउसचा बाण. छातीत धस्स झालं. सहज राइट क्लिक केलं आणि एवढासा मेनू उघडला: टर्मिनल, रीकॉन्फिगर, एक्झिट. बस्स! याच्यापुढचं सगळं माझं मी मांडायचं होतं.

पडद्यावर खिडक्या दाखवायला लिनक्सवर इतकी वर्षं एक्स होतं, १९८४ साली एमआयटीत जन्मलेलं. त्यात खिडकीत काही बदललं की आधी सर्व्हरला सांगा, तो खिडक्या एकत्र रचणाऱ्या कंपोझिटरला कळवणार, कंपोझिटर चित्र जुळवून पुन्हा सर्व्हरकडेच देणार. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडने हा हेलपाटाच वाचवला. इथे कंपोझिटर, म्हणजे माझं लॅबडब्ल्यूसी, हाच सर्व्हर. प्रोग्रॅमने आपली खिडकी रंगवून द्यायची, याने त्या रचून पूर्ण झालेलं चित्रच पडद्यावर लावायचं. मी खिडकी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत राहिलो. कुठे म्हणून ती मधोमध चिरली नाही. क्रिस्टियन हॉग्सबर्गने २००८ मध्ये हे काम सुरू केलं, आणि नाव दिलं ते मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावाचं, गाडीने तिथून जाताना कल्पना सुचली म्हणून. गावाचं नाव असं जगभर जातं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण लॅबडब्ल्यूसीची खरी गंमत त्याच्या साध्या मजकुराच्या फायलींत आहे. 'एनव्हायरनमेंट' फायलीत कीबोर्डसाठी यूएसच्या पुढे स्वल्पविराम देऊन आयएन लिहिलं, खालच्या ओळीत ऑल्ट-शिफ्टने या दोन्हींची अदलाबदल. पुन्हा सुरू केलं, ऑल्ट-शिफ्ट दाबलं, मग शिफ्ट धरून एन, आणि पडद्यावर ळ! बोलताना आम्ही वऱ्हाडी डोळ्याला डोया म्हणतो, पण लिहायला ळ लागतोच ना. मग मेनूच्या फाइलमध्ये इंग्रजी नावं पुसून लिहिलं: 'पत्र लिहा', 'गाणी', 'फोटो', 'बंद करा'. रीकॉन्फिगर दाबताच मेनू मराठीत! कोणाची परवानगी नाही, कुठली सेटिंग शोधणं नाही. मी तो मेनू दहादा उघडला असेल.

रविवारी लॅपटॉप घेऊन अकोल्याला गेलो. आईने चष्मा लावला, राइट क्लिक केलं, एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"हे तं आपल्या मराठीत हाय रे बाप्पा!"

'पत्र लिहा'वर तिने स्वतःच टिचकी मारली. कोरं पान उघडलं. तिथे मावशीचं नाव लिहायचं होतं, कमळा.

"आता मले सांग, थो ळ कुठी हाय?"