कुलुपाबाहेरचीं पुस्तकें

कुलूप हें चोरासाठीं केलेलें असतें अशी आपली समजूत आहे. पण आपल्याकडील पुष्कळशा शाळांचीं ग्रंथालयें ज्यानें पाहिलीं असतील, त्याला तें मुलांसाठीं केलेलें असावें असा संशय आल्याखेरीज राहणार नाहीं. दागिने कुलुपांत असतात, पण लग्नकार्याला ते बाहेर निघतात. लोणच्याची बरणी फडताळांत असते, पण पाहुणा जेवावयास बसला कीं तिचें झांकण उघडतें. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाला मात्र ना सण ना पाहुणा. वर्षाकांठीं मोजणीच्या दिवशीं तें उघडतें, संख्या बरोबर भरली म्हणजे सर्वांचा जीव भांड्यांत पडतो, आणि किल्ली पुन्हा खणांत जाते. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस राज्यांत वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशीं पुस्तकें टेबलावर मांडलीं जातात, छायाचित्र निघतें, आणि सोळा तारखेस तीं परत कांचेआड जाऊन बसतात. हलवायाच्या दुकानांतील बर्फीकडे मूल आशाळभूतपणें पाहतें, कारण तिची चव त्याला ठाऊक असते. या कांचेकडे तें तसेंहि पाहत नाहीं.

या गोष्टीशीं एका कॉलेजच्या प्रोफेसराचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अगदीं पोटापाण्याचा आहे. गेलीं तीसएक वर्षें मी सोलापुरांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. पहिल्या वर्षाच्या वर्गाला एक प्रश्न विचारण्याची मला खोड आहे: परीक्षेसाठीं नव्हे असें कोणतें पुस्तक तुम्हीं शेवटीं वाचलें? वर्गांत शांतता पसरते. ती उत्तर न येण्याची शांतता नसते. प्रश्नच न कळल्याची असते. बुद्धीनें हीं मुलें मागच्या पिढीहून उणीं नाहींत. मार्गदर्शिकेंतील सारांश तीं असा पाठ करतात कीं, मूळ कादंबरीकारानेंहि चकित व्हावें. पण ज्याला दहाव्या वर्षीं 'पुढें काय झालें?' या प्रश्नानें झोप येऊं दिली नाहीं असें कधीं घडलेंच नाहीं, त्याला विसाव्या वर्षीं डिकन्स वाचतांना झोप आली तर त्याला दोष कसा द्यावा? अलीकडे मात्र माझ्या प्रश्नाला अधूनमधून उत्तर येऊं लागलें. आणि तीं उत्तरें देणारीं मुलें बहुधा एकाच शाळेचीं निघत. तेव्हां ती शाळा पाहून यावें असें मला वाटलें.

सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. तेलुगु बोलणारीं पद्मशाली कुटुंबें येथें पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. सोलापुरी चादरीचें नांव दूरवर गेलें तें या गल्ल्यांतील मागांच्या जोरावर. पुरुषानें यंत्रमागावर उभें राहावें आणि बाईनें घरीं बसून विड्या वळाव्या, असा येथील कित्येक घरांचा संसार चालतो. मूल घरांत तेलुगु बोलतें, शाळेंत मराठी शिकतें, आणि कानडी व उर्दू यांचे शब्द गल्लींत त्याच्या कानांवर आपोआप पडतात. अशा मुलाला मराठी पुस्तक हें घरचें माणूस नसतें, पाहुणा असतो. आणि पाहुण्याची ओळख कोणी तरी करून द्यावी लागते. या शाळेंत तें काम ग्रंथपाल बाई करतात.

बाईंचें नांव मी येथें देत नाहीं. तें त्यांना रुचणार नाहीं. बावीस वर्षांपूर्वीं त्या येथें रुजू झाल्या, आणि पहिल्याच महिन्यांत सुतार बोलावून त्यांनीं सर्व कपाटांचीं दारें उतरवून घेतलीं. मग वरच्या फळ्यांवरील पुस्तकें खालीं आणलीं. पांचवींतील मुलाचा हात जेथवर पोंचतो तेथवरच त्याचें ग्रंथालय असतें, असें त्यांचें म्हणणें. खोलींत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली असून तिच्यावर चित्रांचीं पातळ पुस्तकें मधोमध उघडून टाकलेलीं असतात. रंगविलेल्या सुताच्या लडी वाळत घालाव्या तशीं तीं दिसतात, आणि मुलें त्यांना लडीच म्हणतात. 'बाई, ती लाल लड द्या,' ही मागणी मीं स्वतः ऐकली आहे.

देवघेवीचें काम मुलांकडेच असतें; दर आठवड्याला दोघांची पाळी. पुस्तक परत करतांना एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहावयाचें: हें पुस्तक कोणाला द्यावें? आवडलें काय, असें विचारलें म्हणजे मुलें भीडेनें सर्वच पुस्तकें आवडल्याचें सांगतात. कोणाला द्यावें, असें विचारलें म्हणजे खरें बाहेर येतें. 'ज्याला रात्रीं भीति वाटते त्याला देऊं नये.' 'माझ्या लहान भावाला. त्याला वाचतां येत नाहीं, पण माकड आवडतें.' अशा चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा बाईंनीं मला वाचावयास दिला. तो वाचून झाल्यावर आम्हां विद्वानांचीं पुस्तकपरीक्षणें मला थोडीं फिकीं वाटूं लागलीं, हें सांगण्यास हरकत नाहीं.

आठवड्यांतला एक तास गोष्टीचा. बाई मोठ्यानें वाचतात. हातवारे नाहींत, आवाजाचीं सोंगें नाहींत. एखादा शब्द अडला तर कोणा मुलीला त्याचा तेलुगु प्रतिशब्द विचारतात आणि दोन्ही शब्द फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहितात. घंटा होण्यास दोन मिनिटें उरलीं असतांना गोष्ट ऐन भरांत येते, आणि नेमक्या तेथेंच बाई पुस्तक मिटतात. कुठें थांबावें ही विद्या आपल्या कीर्तनकारांनाहि अवगत होती. पण बुवा पूर्वरंगानंतर थांबतात ते बुक्का आणि हार यांसाठीं. बाई थांबतात त्या पुस्तक पळविलें जावें म्हणून. तास संपतांच त्या एका प्रतीसाठीं जी झोंबाझोंबी होते ती पाहण्यासारखी असते. गोष्ट वाचून संपल्यावर तात्पर्य विचारावयाचें नाहीं, हा बाईंचा आणखी एक नियम.

तात्पर्याचा सोस आपल्या बालवाङ्मयाला जन्मापासूनचा आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें 'बाळमित्र' १८२८ च्या सुमारास निघालें. त्याचें मूळ बेर्कें नांवाच्या फ्रेंच लेखकाचें. तें इंग्रजीच्या वाटेनें मराठींत आलें. छत्र्यांनीं इसापच्या नीतिकथाहि त्याच सुमारास मराठींत आणल्या. शाळा नवी, छापखाना नवा. मुलाला शहाणें करणें हाच त्या वेळीं पुस्तकाचा धर्म असावा हें साहजिक होतें. विनायक कोंडदेव ओकांनीं १८८१ सालीं 'बालबोध' मासिक काढलें आणि १९१४ सालीं मृत्यु येईपर्यंत तें नेटानें चालविलें. वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' १९०६ चा. बोधाकडून आनंदाकडे येण्यास मराठी मुलाला पाऊणशें वर्षें लागलीं, असें या नांवांवरून म्हणतां येईल. पुढें साने गुरुजींनीं अमळनेरच्या छात्रालयांत मुलांसाठीं स्वतःच्या हातानें दैनिक लिहून काढलें. १९७१ पासून पाठ्यपुस्तक मंडळाचा 'किशोर' निघूं लागला. आणि आपल्या काळांत माधुरी पुरंदरे यांचें 'राधाचं घर' आलें, ज्यांत घरांतील माणसांची ओळख आहे, उपदेश नाहीं. वाङ्मयानें तात्पर्याचा हट्ट सोडला. शाळेनें मात्र तो अद्याप धरून ठेवला आहे. बाईंचा नियम म्हणूनच मला मोलाचा वाटतो.

त्यांच्या कामाचें खरें मोल मला कळलें तें त्यांनींच सांगितलेल्या एका हकीकतीवरून. सहावींतील एका मुलीनें एक पुस्तक महिनाभर परत केलें नाहीं. निरोप धाडून उपयोग होईना, तेव्हां एका रविवारीं बाई तिच्या घरीं गेल्या. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होती. मुलगी शेजारीं बसून तेंच पुस्तक मोठ्यानें वाचीत होती आणि मध्यें मध्यें तेलुगूंत समजावून सांगत होती. आईला मराठी कळतें, वाचतां येत नाहीं. बाईंना पाहून ती ओशाळली आणि म्हणाली, 'अजून दोन दिवस राहूं द्या की, बाई. शेवट ऐकायचा राहिलाय.' मजुरी हजार विड्यांवर मिळते. गोष्ट चालू असली म्हणजे हात थकत नाहीं, असेंहि तिनें सांगितलें.

ही हकीकत ऐकून मला हवानाची आठवण झाली. क्यूबांतील चुरूट वळणाऱ्या कामगारांनीं १८६५ सालीं आपल्यासाठीं वाचक नेमण्याची प्रथा सुरू केली. त्याला ते आपल्या मजुरींतून पैसे देत, आणि तो उंच आसनावर बसून वर्तमानपत्रें व कादंबऱ्या मोठ्यानें वाची. ड्यूमाची 'माँटे क्रिस्टो' ही कादंबरी त्यांना इतकी प्रिय झाली कीं, तें नांव पुढें एका प्रसिद्ध चुरुटाला मिळालें. केरळांत कण्णूरच्या विडी कामगारांतहि अशी वाचनाची चाल होती. सोलापुरांत विडी घरीं वळली जाते, तेव्हां वाचकहि घरचाच: सहावींतली मुलगी, बिनपगारी. ज्या पुस्तकाला आपण एक वाचक मोजला त्याला तेथें दोन होते, आणि दुसऱ्याची नोंद कोणत्याहि वहींत नव्हती.

पण अशा रीतीनें फिरणारीं पुस्तकें फाटतात आणि हरवतात हेंहि खरें. एका वर्षीं मोजणींत अकरा पुस्तकें कमी भरलीं, आणि त्यांची किंमत बाईंच्या पगारांतून वळती करावी अशी सूचना पुढें आली. शाळेच्या सल्लागार मंडळावर त्या सुमारास माझी नेमणूक झालेली असल्यामुळें कागद माझ्याकडे आला. मीं बाईंना विचारलें, 'तुम्हांला याचें वाईट वाटलें असेल?' त्या म्हणाल्या, 'सर, पैशांचें वाटलें. पण दाखल नोंद वही उघडून पहा. साठ वर्षांपूर्वीं आलेलें एक पुस्तक अजून करकरीत आहे. त्याचीं जोडपानेंसुद्धां कोणीं कापलेलीं नाहींत. तें हरवलें नाहीं, असें कसें म्हणावयाचें?'

पुस्तकें उपयोगासाठीं आहेत, हें रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचें पहिलें सूत्र म्हणून सांगितलें. इतकी उघड गोष्ट सूत्र म्हणून सांगावी लागली, कारण जगाचा व्यवहार उलट होता. मध्ययुगीन युरोपांत ग्रंथ फळीला सांखळीनें जखडून ठेवीत. आपण सांखळी कधीं घातली नाहीं, कुलूप घातलें. तथापि दुसरें उदाहरणहि आपल्याजवळच आहे. सयाजीराव गायकवाडांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणलें, आणि पुढें पुस्तकांनीं भरलेल्या पेट्या संस्थानांतील खेड्यापाड्यांतून फिरूं लागल्या. त्या पेट्यांतील पुस्तकेंहि फाटलीं असतीलच. त्यासाठीं कोणीं पेट्या बंद केल्या नाहींत.

पगार कापण्याची सूचना मागें पडली. पण तिच्यामागून आलेला प्रश्न अधिक कठीण आहे. आईबापांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे असल्यामुळें मराठी शाळांचा पट उतरत आहे, आणि ग्रंथपाल पूर्णवेळ असावा कीं अर्धवेळ, हें पटावर ठरतें. बाई येत्या वर्षीं निवृत्त होतील. त्यानंतर ही खोली संगणकांसाठीं घ्यावी आणि पुस्तकें पुन्हा बंद कपाटांत ठेवावीं, असा विचार चालू आहे. बावीस वर्षांपूर्वीं उतरविलेलीं दारें अद्याप माळ्यावर शाबूत आहेत. मी संगणकाचा वैरी नाहीं. याच जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून यंत्राची सांगड पुस्तकाशीं घातली, आणि २०२० सालीं त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालें. तेथेंहि यंत्रामागें एक जागता माणूस होता. आपण मात्र यंत्र आणावयाचें आणि त्या मोबदल्यांत माणूस काढावयाचा, असा हिशेब मांडीत आहों. पद अर्धवेळ झालें तर होवो; पण खोली राहावी आणि दारें माळ्यावरून खालीं येऊं नयेत, असें लेखी मत मीं मंडळाला दिलें आहे. बैठक पुढील महिन्यांत आहे. मंडळांतील इतर सभासद समंजस आहेत, परंतु त्यांच्यापुढें जमाखर्चहि आहे. निर्णय काय होईल हें सांगवत नाहीं.

बाई त्या चिंतेंत बसलेल्या मला दिसल्या नाहींत. शनिवारीं शाळा सुटल्यावर दहाबारा मुलें त्यांच्याजवळ फाटलेलीं पुस्तकें खळीनें चिकटवीत बसतात. विणकरांच्या मुलांना खळ कशी असावी हें शिकवावें लागत नाहीं. गेल्या शनिवारीं मी गेलों तेव्हां एकीकडे हें काम चाललें होतें, आणि दुसरीकडे बाई नव्या वर्षाच्या खरेदीची यादी करीत होत्या. एका नांवापुढें त्यांनीं खूण केली होती. हें कोणासाठीं, म्हणून मीं विचारलें.

'त्या मुलीच्या आईसाठीं,' त्या म्हणाल्या. 'जाड आहे. पावसाळाभर पुरेल.'