पाठचा वारा

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढची हकिगत ऐकून झाल्यावर लोक हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती मला आवडत नाही.

आमचे थोरले साडू मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते. म्हणजे तीस वर्षं समुद्रावर काढली खरी, पण त्यातली बरीचशी पाण्याच्या पातळीखाली, इंजिनाच्या धडधडाटात. वाऱ्याशी त्यांचा संबंध आला तो निवृत्तीनंतर. चार मित्रांत मिळून त्यांनी एक जुनी, बत्तीस फुटी शिडाची बोट घेतली आणि तेव्हापासून सगळं सासर त्यांना 'कॅप्टन' म्हणू लागलं. त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. ताईंचा, म्हणजे आमच्या मेहुणीचा, मात्र बोटीला पहिल्यापासून विरोध. "एक दिवस कुणाला तरी बुडवाल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यातला 'कुणीतरी' मी असेन अशी शंका मला तोवर आली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बेत ठरला. दोघी बहिणी डबे घेऊन, मोटारीसकट, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला जाणार. आणि कॅप्टन, मी आणि कोळीवाड्यातला एक मदतनीस पोरगा असे आम्ही तिघं गेटवेहून शिडाने. ताईंनी मला रो-रोत जागा देऊ केली होती. पण बायकोसमोर साडूंपेक्षा भित्रा ठरण्याची माझी तयारी नव्हती. एकवीस वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट मी सांभाळून ठेवली आहे.

"दुपारचा वारा वायव्येचा, मांडवा जवळजवळ दक्षिणेला," कॅप्टन हात चोळत म्हणाले. "वारा पाठीशी! आज स्पिनेकर काढू."

स्पिनेकर म्हणजे पाठच्या वाऱ्यावर चालवायचं मोठं, पातळ नायलॉनचं, फुग्यासारखं फुगणारं शीड. मोठं म्हणजे किती? कॅप्टन म्हणाले, सातशे चौरस फूट. आमचा फ्लॅट कार्पेटने चारशे ऐंशी भरतो. म्हणजे आमचं घर, जिना आणि शेजाऱ्यांचा हॉल एवढा ऐवज त्या पोराने एका पिशवीतून बाहेर काढला. तो एका लांबलचक कापडी मोज्यात कोंबलेला होता. मोज्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची रुंद कडी असते. एक दोर ओढला की मोजा वर सरकतो आणि शीड उलगडतं. दुसरा ओढला की मोजा खाली येऊन शिडाला गिळतो. पूर्वी हेच शीड हातांनी कवळ्यात धरून खाली ओढावं लागे. मोज्यामुळे दोन-तीन माणसांत भागतं.

पाठीशी वारा असणं हा आपल्याकडे आशीर्वाद समजला जातो. शिडाच्या बोटीवर तो जरा जपून घ्यायचा आशीर्वाद आहे, हे मला त्या दिवशी कळलं. समोरचा वारा फार झाला तर बोटीचं नाक वाऱ्यात घातलं की शीड फडफडून रिकामं होतं. पाठचा वारा मात्र शीड भरतच राहतो, आणि तो किती वाढला हे सांगत नाही. कॅप्टननी हे मला आकड्यांत समजावलं, कारण मी बी.कॉम. वारा १५ नॉटचा, बोट त्याच्याच दिशेने ६ नॉटने पळते; म्हणजे आपल्याला लागतो फक्त ९ नॉटचा. तीच बोट इंजिन लावून त्याच वेगाने उलटी फिरवली तर लागतो २१ नॉटचा. शिवाय जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ९ चा वर्ग ८१, २१ चा ४४१. पाचपटीहून जास्त! एका वळणावर एवढी वाढ मी कुठल्याही मुदतठेवीत पाहिलेली नाही.

मग सूचना झाल्या. हातमोजे घालायचे. दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही. मुख्य शिडाची आडवी बूम अचानक दुसऱ्या बाजूला येऊन डोकं फोडू नये म्हणून ती पुढे बांधून ठेवायची. स्पिनेकरच्या दोराच्या टोकाला गाठ मारायची नाही. हे मला विचित्र वाटलं. टोकाला गाठ नाही म्हणजे व्हाउचरला टाचणी नाही. "वेळ आली तर दोर पूर्ण सुटून गेला पाहिजे," कॅप्टन म्हणाले. आणि शीड उतरवायचं कधी, हे चढवण्याआधी ठरवायचं. आम्ही ठरवलं: लाटांच्या माथ्यावर जागोजाग पांढरा फेस दिसला की उतरवायचं.

मला धीर यावा म्हणून ते पुढे म्हणाले, "अरे, अभिलाष टॉमी २०१२ साली इथूनच, मुंबईहून, 'म्हादई' घेऊन निघाला आणि २०१३ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला. एकटा! कुठेही न थांबता!"

"त्याच्याबरोबर साडू नव्हते," मी म्हणालो.

मोजा वर गेला आणि ते लालपांढरं शीड फट्कन उघडलं. खोटं कशाला सांगू, इतकं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आवाज नाही, झटके नाहीत, बोट तुपातून गेल्यासारखी चाललेली. शिडाचा दोर विंचवर वेढे देऊन माझ्या हाती दिला होता. एका हाताने दोर धरून मी बायकोला पाठवायला फोटो काढला. हातमोजा घालून मोबाईल चालेना, म्हणून दोन्ही मोजे काढून खिशात ठेवले.

अर्ध्या तासाने त्या पोराने पाण्याकडे बघत हळूच म्हटलं, "शेट, उतरवूया?"

मीही पाहिलं. फेस होता. जागोजाग होता. "ठरलं होतं ना?" मी विचारलं.

"छे रे, वारा कुठे आहे? गालाला तर झुळूक लागतेय," कॅप्टन म्हणाले. मघाशी आकडेमोड शिकवणारा माणूस हाच! आणि ती आकडेमोड शिकलेला मी कर्मचारी, वरिष्ठांनी शेरा मारल्यावर बँकेत गप्प बसतो तसा गप्प बसलो.

पुढे जाळ्यांचे बोये दिसले. ते चुकवायला कॅप्टननी सुकाणू वाऱ्याच्या बाजूला वळवलं, जरा जास्तच. झुळकीचं वादळ झालं. बोट आडवी झाली, कठडा पाण्यात गेला आणि सुकाणू ऐकेनासं झालं. "सोड! दोर सोड!" कॅप्टन ओरडले.

मी सोडला नाही. बावीस वर्षं कॅशवर बसून मी हाती आलेलं सोडायचं नाही एवढंच शिकलोय. पोराने मला कोपराने ढकललं आणि विंचवरचे वेढे झटक्यात काढले. दोर माझ्या उघड्या तळव्यांतून सरसरत गेला. शीड पुढे नाकाशी झेंड्यासारखं फडफडू लागलं आणि बोट उभी राहिली. मग कॅप्टननी पुन्हा वारा पाठीशी घेतला, स्पिनेकर मुख्य शिडाच्या आडोशाला गेला आणि पोराने मोजा खाली ओढला. मिनिटभरात माझा फ्लॅट, जिना आणि शेजाऱ्यांचा हॉल पुन्हा कापडात बंद.

बराच वेळ कुणी बोललं नाही. कॅप्टन स्वतः माझ्या हातांना बर्नॉल लावत होते. त्यांची बोटं थरथरत होती. अचानक ते साठीच्या पलीकडचे दिसू लागले. "तो म्हणाला तेव्हाच उतरवायला हवं होतं," ते म्हणाले. मग खाली बघत, "ताईला नको सांगूस. ती बोट विकायला लावील. मला दुसरं काही नाही रे."

मांडव्याच्या जेटीवर दोघी उभ्या होत्या. ताईंनी माझे हात पाहिले, मग कॅप्टनकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी हातमोजे काढले होते." हे शंभर टक्के खरं होतं. ताईंनी मला पुरणपोळी स्वतः भरवली आणि नवऱ्याला डबा नुसताच पुढे सरकवला. म्हणजे त्यांना काय ते कळलं असावं. बोट अजून विकलेली नाही.

सोमवारी बँकेत लॉगिनला अंगठा लावला. यंत्राने ओळखलं नाही. दहाही बोटं लावून पाहिली. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मी मी नव्हतो. मॅनेजरसाहेबांनी लेखी कारण मागितलं. मी लिहिलं: "रविवारी दोर वेळेवर न सोडल्यामुळे."

त्यावर साहेबांनी लाल शाईत शेरा मारला: "कुठला दोर? समक्ष भेटा."