वेध

'वेध' हा मोठा गमतीचा शब्द आहे. दुर्बिणीतून ताऱ्याचा घेतात तो वेध, दिवाळीचे लागतात ते वेध, आणि ग्रहणाआधी पाळतात तेही वेधच! पहिल्यात कुतूहल, दुसऱ्यात आनंद, तिसऱ्यात भीती. एका शब्दात ही तीन बिऱ्हाडे कशी नांदतात याचे मला नवल वाटे. पण शब्दाला कशाला हसावे? आपल्या घरांत तरी दुसरे काय असते?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा आमचे सगळे घर टीव्हीपुढे बसले होते. आजीने हात जोडले, वडिलांनी पेढे आणले. पुढे ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण लागले, तेव्हा त्याच घराने त्याच चंद्राच्या धाकाने दारे-खिडक्या लावून घेतल्या. वहिनीला सातवा महिना होता. दहाच्या सुमारास ग्रहण लागायचे आणि दीडच्या सुमारास सुटायचे. तेवढा वेळ तिने निजायचे नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही, विळीला हात लावायचा नाही. नाहीतर म्हणे मूल फाटक्या ओठाचे होते!

कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिलीच. मी सांगून पाहिले, की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, एवढेच ते ग्रहण. हे काही परदेशी शास्त्र नव्हे, आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी हे लिहून ठेवले आहे. आणि बाळाचा ओठ तर पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो. सातव्या महिन्यात तो फाटणार कसा? काका म्हणाले, "तू आर्ट्सची. तुला काय कळतंय त्यातलं?" सायन्सला असलेला माझा चुलतभाऊ मात्र पांघरूण ओढून गप्प पडून होता.

मग वहिनीच माझ्या कानाशी म्हणाली, "ग्रहणाची नाही गं भीती वाटत. उद्या काही कमीजास्त झालं, तर बोल मलाच लागेल."

हे कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते. पृथ्वीची सावली साडेतीन तासांत चंद्रावरून सरकते; बाईवर पडलेली ही सावली मात्र जन्मभर हटत नाही.

अकरा वाजून गेले. वहिनीचा घसा कोरडा पडला. तेव्हा आजी उठली, पाण्यात तुळशीचे पान टाकून तांब्या तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, "पी. तुळस आहे, काही होत नाही." माझ्याकडे आर्यभट होता, आजीकडे तुळस होती, वहिनीची तहान तुळशीने भागवली!

डिसेंबरात मला भाची झाली. चांगली गुटगुटीत आहे. "पाळलं म्हणून सगळं नीट झालं," असे काकू म्हणाल्या. पाणी पिऊनही नीट झाले, असे मलाही म्हणता आले असते. पण एका मुलावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हेही शास्त्रच सांगते. आणि समजा, भाचीच्या ओठात व्यंग असतेच, तर? तरीही त्यात वहिनीचा काडीचा दोष नसता. एवढे ठणकावून सांगायला सायन्सलाच असावे लागते का?

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण आपापल्या घरातले पहिले कॉलेजकुमार आहेत. वर्गात ऐकलेले घरच्या भाषेत सांगायला आपल्याशिवाय तिथे कोण आहे? आर्यभटाचे म्हणणे आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचायला पंधराशे वर्षे लागली. उंबरा अजून ओलांडायचा आहे. पुढच्या चंद्रग्रहणाला आजीचा हात धरून तिला अंगणात न्यायचे, असे मी ठरवले आहे. खग्रास चंद्र अंधारात नाहीसा होत नाही, घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखा लाल दिसतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्या रात्रीचे मला आतापासूनच वेध लागले आहेत.