थांबणारी गाडी

बेळगावात कुणी ‘गाडी काढतो’ म्हटले की चारचाकी डोळ्यांपुढे येत नाही. गाडी म्हणजे दुचाकी. चारचाकीला आम्ही ‘कार’ म्हणतो आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतो. शहापूर-वडगावच्या बोळांत घराच्या उंबऱ्याशी जशी पूर्वी गाय बांधलेली असे, तशी आता गाडी लावलेली असते. सकाळचे दूध तिच्यावर, मुलांची शाळा तिच्यावर, बाजारहाट, दवाखाना, लग्नकार्य सगळे तिच्यावर. त्यामुळे घरातली गाडी बदलणे हा पैशांचा प्रश्न असतोच, पण त्याहून जास्त तो घरातल्या सगळ्यांच्या मताचा प्रश्न असतो.

माझे घर कर्नाटकात आणि नोकरी महाराष्ट्रात. हिंडलगा, सुळगा, बाची ओलांडले की शिनोळीला राज्य बदलते, आणि पुढे चंदगड तालुक्यात माझी शाळा. जायला अडतीस किलोमीटर, यायला अडतीस. हा रस्ता मी २००३ सालापासून १०० सीसीच्या एकाच गाडीवरून केला. तिच्या मीटरचे आकडे तीनदा शून्यावर आले. दोनदा इंजिनचे काम झाले. एका लिटरला साठ किलोमीटर द्यायची आणि तक्रार करायची नाही, असा तिचा स्वभाव. अशा गाडीला निरोप देण्याचा विचारही मनाला टोचतो.

२०२२ साली कोल्हापूरचा भाचा नोकरीसाठी परदेशी निघाला. त्याची २०१९ सालची २०० सीसीची गाडी होती. “मामा, बाहेरच्याला विकण्यापेक्षा तुम्हीच न्या. रोज शहात्तर किलोमीटर करताय, जुन्या गाडीला ब्रेक आहेत तरी का?” असे तो फोनवर म्हणाला. गाडीचा प्रकार कोणता विचारले, तर म्हणाला, “नेकेड.” फोन स्पीकरवर होता. शेजारी भाजी निवडत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी हातातली मेथी खाली ठेवली.

मग त्यानेच खुलासा केला. शर्यतीच्या गाड्यांना पुढून आणि बाजूंनी फायबरचे कवच असते. वारा कापण्यासाठी ते उपयोगी. ज्या गाडीला असे कवच नसते, जिचे इंजिन, सांगाडा, नळ्या सगळे उघड्यावर दिसते, ती नेकेड. बजाजच्या पल्सरच्या एका जातीच्या नावात ‘एनएस’ ही अक्षरे आहेत. त्यांचा अर्थच ‘नेकेड स्पोर्ट’ असा आहे. ती जात २०१२ साली आली. (माझी गाडी कोणत्या कंपनीची ते मात्र सांगत नाही. हा दिवाळी अंक आहे, जाहिरातीचे पान नव्हे.)

मला गंमत वाटली ती निराळीच. आमच्या लहानपणी सगळ्याच मोटारसायकली उघड्या होत्या. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी तयार होत. त्यांचा किकचा दांडाच आत वळवला की गिअरचा दांडा व्हायचा. गल्लीत एकाकडे येझदी होती. तो सुरू करायला लागला की आम्ही पोरे तो चमत्कार बघायला जमायचो. १९८५ साली यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १०० आली. येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्याच वर्षी आरएक्स १०० ही थांबली. २००१ साली पल्सर आली आणि तरुण पोरांना दीडशे-एकशेऐंशी सीसी परवडू लागले. यांतल्या एकाही गाडीला तेव्हा कुणी ‘उघडी’ म्हटले नाही. पडदे लावायची चाल पडल्यावरच ‘बिनपडद्याची खिडकी’ हा शब्द जन्माला येतो, तसेच हे.

आमच्या घरात मात्र प्रश्न शब्दाचा नव्हता. सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ १९९९ साली मोटारसायकलवरून गेला. सव्वीस वर्षांचा होता. आषाढातला ओला रस्ता, समोर अचानक बैलगाडी, त्याने ब्रेक दाबला, मागचे चाक जागच्या जागी अडकले आणि गाडी आडवी झाली. एवढेच. त्यानंतर आमच्या घरात मोटारसायकल हे एक सोसायचे वाहन झाले. माझी १०० सीसी त्यातल्या त्यात गरीब म्हणून चालून गेली. मी घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळी ती दाराशी उभी असते, हे मी एकोणीस वर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे तिने “एवढी जोराची गाडी कशाला?” असे विचारले, तेव्हा त्या प्रश्नात कोण उभे आहे, ते मला कळत होते.

मी तिला जोराबद्दल काहीच सांगितले नाही. थांबण्याबद्दल सांगितले. सरकारने १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे केले. चाकाजवळ एक दातेरी कडे असते. शेजारचा सेन्सर चाक किती वेगाने फिरते ते सतत मोजतो. ब्रेक जोरात दाबल्यावर चाक अडकण्याच्या बेतात आले, की ब्रेकच्या तेलाचा दाब ते यंत्र क्षणभर सोडते आणि पुन्हा धरते, एका सेकंदात कित्येकदा. चाक फिरते राहते म्हणून गाडी सरळ राहते आणि हँडल आपल्या ताब्यात राहते. खडीवर किंवा सुट्या मातीवर थांबायला यामुळे थोडी जास्त जागाही लागू शकते. पण गाडी आडवी होण्याची भीती पुष्कळ कमी होते. काही गाड्यांना हे फक्त पुढच्या चाकाला असते, काहींना दोन्ही चाकांना. भाच्याच्या गाडीला पुढच्या चाकाला होते.

ती सगळे ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, “हे तेव्हा का नव्हतं?” याला उत्तर नव्हते. दोन दिवसांनी चहा देताना म्हणाली, “घ्या. पण मी आधी मागे बसून बघणार.”

गाडी कोल्हापूरहून आणली, पण आमच्या भागात गाडी नुसती आणून भागत नाही. तिलाही सीमाप्रश्न असतो. एमएच ०९ ची गाडी बेळगावात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नव्याने नोंद करावी लागते. तिकडच्या कार्यालयातून अठ्ठावीस नंबरच्या फॉर्मवर ना हरकत दाखला, मालकी बदलायला एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म, नव्या नंबरासाठी सत्तावीस, आणि कर्नाटकाचा आजीव कर वेगळा. मी रोज दोनदा सीमा ओलांडतो, मला कुणी दाखला विचारत नाही. गाडीला मात्र एकदाच कायमची ओलांडायला चार फॉर्म लागले. केए २२ ची पाटी बसली, तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, हिला पण आता दोन्ही भाषा आल्या.”

संसार त्यानंतर सुरू झाला. १०० सीसीच्या हँडलला चार पिशव्या लटकायच्या. इथे एक लावायलाही जागा नाही. मागची सीट उंच आणि अरुंद. सौभाग्यवती पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या, “हे माडीवर बसल्यासारखं आहे.” साडी गार्ड आणि धरायला मजबूत कडी आधी बसवून घेतली. मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही एवढे आच्छादन हवे, असे नियमातच आहे. तिच्यासाठी आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट घेतले. भाच्याच्या गाडीचे सगळे रूप या साडी गार्डने घालवले, असे कॉलनीतल्या पोरांचे मत पडले. पोरांचा संसार अजून व्हायचा आहे.

खर्चाचेही सांगितले पाहिजे. ही गाडी लिटरला पस्तीसच्या आसपास देते. म्हणजे रोज जवळजवळ एक लिटर पेट्रोल जास्त आणि महिन्याला दोन-सव्वादोन हजारांचा फरक. सौभाग्यवतींच्या वहीत तो ‘गाडी’ या सदराखाली नाही, ‘दवाखाना’ या सदराखाली लिहिलेला असतो. विचारले तर म्हणते, “तिकडं जाऊ नये म्हणूनच देतो की.”

उघड्या गाडीचा एक गुण मला हळूहळू कळला. तिच्यात काही झाकलेले नसते, त्यामुळे मालकाला आळस करता येत नाही. जुन्या गाडीची साखळी पूर्ण बंद पेटीत असायची, तिच्याकडे महिनोन् महिने पाहिले नाही तरी चाले. हिची साखळी उघडी. पाऊस, धूळ, चिखल सगळे तिच्यावर. पाचशे किलोमीटरला ती पुसून तेल द्यावे लागते आणि माझे पाचशे आठवड्यालाच भरत येतात. म्हणून रविवारी सकाळी रॉकेलचा वाडगा, जुना ब्रश आणि फडके घेऊन मी अंगणात बसतो. इंजिन थंड करणाऱ्या रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल काढतो, टायरमधली हवा पाहतो, ब्रेकच्या पॅडवर किती माल उरला आहे ते डोळ्यांनी दिसते. टिळकवाडीतले आमचे मेस्त्री कानडी मुलखातले, मराठी झकास बोलतात. त्यांचे म्हणणे असे, “सर, झाकलेली गाडी दुखणं लपवती. ही सांगती. आपण ऐकायचं तेवढं.”

त्यांनीच मला दुसरी गोष्ट सांगितली. “गाडी नवी झाली, तुमचा हात जुनाच हाय. तोबी बदला की.” आमच्या पिढीचा सगळा भरवसा उजव्या पायावर. मागचा ब्रेक दाबायचा, पुढचा शोभेचा, कारण पुढचा दाबला की माणूस उडून पडतो, असे आम्हांला प्रत्येक थोरल्याने सांगितलेले. ड्रमच्या ब्रेकवर आणि त्या वेगाला ते निभले. पण गाडी थांबू लागली की सगळे वजन पुढच्या चाकावर येते. मागचे चाक हलके होते आणि हलके चाक लवकर अडकते. थांबवण्याचे खरे काम पुढच्या ब्रेकचे. मेव्हण्याची गाडी आडवी का झाली असेल, ते मला त्या दिवशी मेस्त्रींच्या दुकानात उमगले. घरी मी ते बोललो नाही.

मग महिनाभर रोज सकाळी दहा मिनिटे मैदानावर एकच अभ्यास केला : वीसचा वेग, चारही बोटांनी पुढचा ब्रेक हळूहळू आवळत न्यायचा, मागचा हलकेच. मग तीस, मग चाळीस. वर्गात मी मुलांना शिकवतो, की वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ सतरा मीटर जाते. म्हणजे धोका दिसून हात हलेपर्यंतच एखादे चौसोपी घर ओलांडून होते. फळ्यावर हे गणित मी कैक वर्षे मांडले होते. मैदानावर ते मनगटाने मांडले.

त्याचा उपयोग २०२३ च्या डिसेंबरात झाला. उसाचा हंगाम. शाळेतून निघायला उशीर झाला होता आणि शिनोळीच्या अलीकडे अंधारून आले. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपले. तो गेल्यावर दिसले, ते उसाचे जोड ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, माझ्याच बाजूला, बंद पडून उभे. मागे दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही आणि रस्त्यावर उसाचा पाला पसरलेला. मी दोन्ही ब्रेक आवळले. हाताखालच्या लिव्हरला धडधड जाणवली, जणू कुणी आतून बोटांवर टिचक्या मारत होते. गाडी पाल्यावरून सरळ गेली आणि ट्रेलरपासून दोन हातांवर थांबली. उसाची टोके हेल्मेटच्या समोर होती. ट्रॅक्टरवाला पलीकडून आला आणि म्हणाला, “डिझेल संपलंय वो.” आम्ही दोघांनी मिळून मागे दगड आणि झावळ्या लावल्या, माझी गाडी दिवे लुकलुकत ठेवून उभी केली आणि डिझेल येईपर्यंत मी तिथेच थांबलो.

घरी पोहोचायला साडेआठ झाले. सौभाग्यवती दाराशी होती. काय झाले ते मी जसेच्या तसे सांगितले. ती बाहेर गेली, पुढच्या चाकाजवळ वाकली आणि त्या दातेरी कड्यावर बोट टेकवून म्हणाली, “हेच ते?” मी म्हटले, “हेच.” बराच वेळ ती तिथे उभी होती. त्या रात्री पहिल्यांदाच तिने भावाबद्दल लेकीला सगळे सांगितले. तो गाणे कसे म्हणायचा, त्याला कोणती भाजी आवडायची, गाडी किती लख्ख ठेवायचा. इतकी वर्षे आम्हांला तो फक्त त्या एका संध्याकाळपुरता आठवत होता.

लेक आता एकोणीस वर्षांची आहे. तिच्याकडे बिनगिअरच्या स्कूटरचे लायसन्स आहे. गेल्या महिन्यात तिने गिअरच्या गाडीचे शिकाऊ लायसन्स काढून आणले आणि किल्ली मागितली. मी आईकडे पाहिले. आमच्या रस्त्यावर सीमेच्या अलीकडे कानडीत ‘निधानवागि चलिसि’ अशी पाटी असते आणि पलीकडे मराठीत ‘वाहने सावकाश हाका’. दोन्ही राज्यांचे एवढ्या एका गोष्टीवर एकमत आहे. आईने दोन्हींतले काहीच म्हटले नाही. ती म्हणाली, “पहिला महिना मैदानावरच. आणि आधी थांबायला शिकव तिला, चालवायला मागाहून.”

सध्या रविवारी साखळीला तेल लेकच देते. ब्रेकचे पॅड किती उरले आहेत, ते मला येऊन सांगते. चाळीसच्या वेगावरून ती आता खडूच्या रेघेच्या आत थांबते. रेघ मारायला आणि अंतर मोजायला आई मैदानावर हजर असते, शिवणाची टेप घेऊन.